बिनलेबलाचा कॅन

“दादा, ह्यात काय आहे ते बघा बरं. लेबल पार भिजून गेलंय.”

धुलाई विभागातल्या ताईने निळा कॅन माझ्या टेबलापाशी आणून ठेवला आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण सगळा कारखाना तिला ताईच म्हणतो. तिच्यामागे बॉयलरचा मेकॅनिक हातमोजे मागायला आला होता आणि त्याच्यामागे सुपरवायझर, कसल्याशा सहीसाठी. तिघेही माझ्या नाकाकडे बघत होते.

माझं नाकच तसं नावाजलेलं. आमच्याकडे इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायला येतात आणि त्या धुण्याची सगळी रसायनं माझ्या स्टोअरमध्ये असतात. सव्वीस वर्षं मी तिथे आहे. मोठ्या ड्रममधून हातपंपाने कॅनमध्ये काढायचं, कॅनवर लेबल चिकटवायचं, वहीत लिहायचं. पण धुलाईच्या वाफेत कागदी लेबल आठवडाभरही टिकत नाही. लेबल गेलेला कॅन वापरायचाच नाही, बाजूला ठेवायचा, असा नियम आहे. पण मशीन अडलेलं असताना नियम आठवायला कोणाला वेळ असतो? कॅन माझ्याकडे यायचा, मी झाकण अर्धा आटा सैल करून हाताने वारा घ्यायचो आणि सांगून टाकायचो. ‘रसायनांचा वास घेऊ नये’ ही पाटी माझ्याच डोक्यावर भिंतीला आहे. तिच्याखाली बसून मी वास घ्यायचो आणि लोक कौतुक करायचे. मला ‘नाकाडे’ म्हणतात. नवीन माणसांना ते माझं आडनावच वाटतं.

आता लाज सोडून सांगतो. त्या दिवशी मला कसलाही वास येत नव्हता. त्या दिवशीच नव्हे, गेली चार वर्षं येत नाही.

ते कळलं घरी. गॅसवर दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला आणि मी दोन हातांवर पेपर वाचत बसलेलो. बायको बाहेरून धावत आली. “नाक गहाण टाकलंय का?” म्हणून ओरडली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून एकदम गप्प झाली. त्या दिवसापासून तिचा एकच धोशा होता.

“कामावर सांगून टाका.”

“सांगितलं तर स्टोअर काढून घेतील.”

“घेऊ देत. गेटवर बसा, पण सांगा.”

मला गेटवर बसायचं नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात एखादीच गोष्ट चारचौघांपेक्षा बरी जमते, ती त्याच्या हातून सुटत नाही. मी युक्ती काढली. लिटमसच्या पट्ट्यांची डबी ड्रॉवरमध्ये ठेवली. कॅन आला की “ठेवून जा, बघतो” म्हणायचं आणि माणूस वळला की पट्टीवर थेंबभर टाकायचं. लाल झाली तर ॲसिड, निळी होऊन पांढरी पडली तर ब्लीच. चार वर्षं एकदाही चुकलो नाही. उलट नाव आणखी वाढलं.

त्या सकाळी मात्र तिघे समोर उभे आणि कोणी हलेना.

“आटपा नाकाडे,” सुपरवायझर म्हणाला, “ब्लीचची टाकी अर्ध्यावर आलीय. मशीन थांबवून ठेवलंय.”

मी ड्रॉवर उघडला असता तर फार तर काय झालं असतं? सगळ्यांना कळलं असतं, एवढंच. मी झाकण सैल केलं, हाताने वारा घेतला, डोळेसुद्धा मिटले. नाटक करायचं तर पुरतं करावं.

“ठेवला कुठे होतास हा?” मी उगाच विचारल्यासारखं विचारलं.

“ब्लीचच्या ड्रमशेजारी होता.”

“ब्लीचच आहे. जा घेऊन.”

“दादांनी सांगितलं म्हणजे झालं,” असं त्या दोघांना ऐकवून ती कॅन घेऊन गेली.

कॅनमध्ये ॲसिड होतं. बॉयलरचे पाइप साफ करायचं ॲसिड पूर्वी लाल कॅनमध्ये काढायचो. ते कॅन तडकले, नवे आले नाहीत, तेव्हापासून तेही निळ्यातच काढत होतो, मीच. उरलेला कॅन मेकॅनिकने कधीतरी जागा दिसली तिथे ठेवून दिला होता आणि विसरूनही गेला होता. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की विषारी वायू सुटतो. शिडीवर चढून टाकीत वाकलेल्या बाईच्या तो थेट तोंडावर येतो.

ओरडा ऐकून मी दारात आलो. बायका तोंडावर पदर धरून पळत होत्या, कोणी खोकत होतं, कोणी भिंतीला धरून उलट्या करत होतं. मला हवा नेहमीसारखीच वाटत होती. लोक का पळतायत तेच कळेना. मग डोळे चुरचुरले, छाती आवळली आणि टाकीभोवती हिरवट पिवळं काहीतरी दिसलं. तोवर मेकॅनिकने तोंडाला ओलं फडकं बांधून ताईला ओढत बाहेर आणलं होतं.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. मॅनेजरसाहेब सरळ माणूस, त्यांनी सरळच विचारलं.

“तुम्ही स्वतः वास घेतला होतात?”

“हो.”

“आणि ब्लीच होतं?”

“ब्लीचच होतं, साहेब.”

माझी जीभ जराही अडखळली नाही, ह्याची मला आजही किळस येते. सुपरवायझरने आणि मेकॅनिकने माझीच री ओढली. ते बिचारे खोटं बोलत नव्हते, त्यांनी मला वास घेताना पाहिलं होतं. तेव्हा ताईनेच वाटेत कॅन बदलला असं ठरलं आणि ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे शब्द कागदावर आले. त्या कागदावर साहेबांनी इस्पितळात जाऊन तिची सही घेतली. आता तिला परत कामावर घेणार नव्हते आणि अठरा वर्षांच्या कामाच्या शेवटी नावापुढे तेवढे दोन शब्द राहणार होते.

नवव्या दिवशी मी भेटायच्या वेळेत इस्पितळात गेलो. “आज सांगितल्याशिवाय घरी येऊ नका,” बायकोने दारातच बजावलं होतं.

ताई उशांना टेकून बसली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. फुप्फुसं आता पूर्वीसारखी होणार नाहीत, एक मजलासुद्धा चढायचा नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं होतं. मला बघून तिने मास्क बाजूला केला. दोन शब्द झाले की तिला दम लागत होता.

“दादा... माझंच चुकलं. जिन्याखाली... दुसरा कॅन होता. तोच... उचलला असणार.”

“दुसरा कुठला?”

“असणार ना. तुम्ही... वास घेतला होतात.”

नऊ दिवस पडल्या पडल्या तिने माझ्यासाठी एक नसलेला कॅन तयार केला होता. त्याला जागा दिली होती, तो स्वतःच्या हाताने उचलला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ताई, दुसरा कॅन नव्हता,” मी म्हणालो. “मला वास येत नाही. चार वर्षं झाली.”

मग मी सगळंच सांगितलं. दुधाचं, पट्ट्यांचं, डोळे मिटल्याचं, चौकशीत बोललेलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडता आलं नसतं.

“पट्टी... ड्रॉवरमध्ये होती?”

“होती.”

“हाताशी?”

“हो.”

ती रडली नाही. रडायला श्वास लागतो, तेवढा तिच्याकडे नव्हता. मास्क लावून तिने थोडा वेळ डोळे मिटले, मग पुन्हा काढला.

“कागद... आणा.”

मी सिस्टरकडून कागद आणि पेन मागून आणलं. “मी लिहितो सगळं, तू दमू नकोस,” म्हटलं. तिने मान हलवली.

“मी... सांगते. लिहा.”

दोन शब्द, मग मास्क, मग पुन्हा दोन शब्द. मी पेन टेकवून थांबायचो. ‘कॅन एकच होता. मी तो ब्लीच म्हणून दिला. मला वास येत नाही हे मी लपवलं. ताईने विचारूनच नेला. ताईची चूक नाही.’ एवढ्याला पाऊण तास गेला. शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं, मी दोनदा लिहिलं.

सही केली, तारीख घातली. “उद्या सकाळीच साहेबांना देतो,” मी म्हणालो, “आणि लगेच तुला येऊन सांगतो.”

तिने कागदासाठी हात पुढे केला.

“नको. आमचे हे... देतील.” तिने मास्क लावला, काढला. “आणि उद्या... येऊ नका.”

“बरं.”

तिने कागदाच्या चार घड्या करून तो मुठीत धरला आणि भिंतीकडे कूस वळवायला लागली. आधाराला पुढे केलेला हात मी तसाच मागे घेतला. तेवढं वळायला तिला दोनदा थांबावं लागलं.