शंकरप्पांचं राहिलेलं म्हणणं

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास परळीत घरोघरी केबल आली आणि शंकरप्पांच्या माडीवरचं वाचक मंडळ विरळ होत गेलं. त्याआधी दर रविवारी दुपारी भांड्यांच्या दुकानावरची ती खोली माणसांनी भरायची. महिन्याला एक पुस्तक ठरायचं, सगळे ते वाचून यायचे आणि चहा गार होईस्तोवर भांडायचे. मग 'सिनेमा लागलाय' म्हणत एकेक जण गळू लागला. थर्मल वीजकेंद्रातले आप्पाराव कामाची पाळी जुळली तर यायचे. नेमानं उरले ते दोघंच, खुद्द शंकरप्पा आणि प्राथमिक शाळेतल्या पंचशीलाबाई.

या दोघांचं एका पुस्तकावर कधी जमलं नाही. तिला आवडलेलं त्यांना रडकं वाटे, त्यांनी तारीफ केलेलं तिला खोटं वाटे. वयानं ती त्यांच्या लेकीएवढी, पण वादात त्यांनी तिचं वय कधी काढलं नाही. कुणीतरी आपलं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतं आणि मगच खोडून काढतं, याचं पंचशीलाला अप्रूप होतं.

त्या महिन्याची कादंबरी तिनंच निवडली होती. सासरच्या जाचाला कंटाळून एक बाई घर सोडते आणि शेवटच्या पानावर आपल्या पायांनी परत येते. त्या शेवटावर पंचशीला चिडली होती.

"लिहिणाऱ्याला धीर झाला नाही, अप्पा. सबंध पुस्तकभर तिला उभं केलं आणि शेवटी आणून बसवलं चुलीपुढं."

"तसं न्हाई, बाई. आपल्या मनानं आली ती. त्या नवऱ्यात तिचा जीव हाय."

"कुठं लिहिलंय तसं?"

"लिहायला कशाला पायजे? जीव नसता तर आली असती का?"

"जायला दुसरी जागा नसली तरी यावं लागतं." पंचशीलाचा आवाज चढला. "गल्ल्यावर बसून बाईचं मन तुम्हाला काय कळणार?"

शंकरप्पांचा चेहरा उतरला. पुस्तक मिटत ते म्हणाले, "माझं म्हणणं राहिलंय अजून. पुढच्या आयतवारी सांगतो."

त्याच आठवड्यात दुकानाचं शटर वर ढकलताना ते कोसळले. लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. सगळ्या बोलण्यातून एकच शब्द शिल्लक राहिला होता, 'हो'. पाणी पाहिजे का, हो. नको का, हो.

दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट टाकली होती. पंचशीला कादंबरी घेऊनच गेली आणि उशाशी बसली.

"अप्पा, तिचं परत येणं बरोबर होतं, असंच ना तुमचं म्हणणं?"

"हो."

"की चूक होतं?"

"हो," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी डाव्या हातानं चादर घट्ट मुठीत धरली. डोळ्यांतून पाणी आलं. आपण काय बोलतोय ते त्यांना कळत होतं.

तरी रविवार तिनं चुकवला नाही. एकदा तर त्यांना बिलकूल न आवडलेल्या पुस्तकाची तिनं मुद्दाम तोंडभर स्तुती केली. वाटलं, चिडतील, निदान तोंड फिरवतील. ते तिच्याकडं बघत राहिले आणि हो म्हणाले.

तिला तिथं बसवेना. ती मागच्या अंगणात आली. शंकरप्पांच्या मंडळी, शिवकांताबाई, ज्वारी निवडत होत्या.

"मी फार टोचून बोलले शेवटी, काकू," पंचशीला म्हणाली. "काय सांगणार होते, ते राहूनच गेलं."

"मला ठावं हाय ते." शिवकांताबाईंचा हात सुपात फिरतच होता. "त्या पुस्तकातली गोष्ट त्यांनी मलाबी सांगितलती. मीबी गेलते की घर सोडून, नव्या नवतीत. सासू लई बोलायची, आन् हे गप बसायचे. वरीसभर भावाकडं ऱ्हायले, मग आले परत. का म्हणून आलीस, असं यांनी कधी इचारलं न्हाई. तुमचं भांडण झालं त्या सांजेला पैल्यांदा इचारलं."

पंचशीला खाली बसली. त्या पुस्तकातल्या बाईत ते कोणाला बघत होते, ते तिला आता समजलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? भावजय म्हणली, घरात जागा न्हाई, म्हणून आलते. यांना इतकी सालं वाटत ऱ्हायलं, यांच्यासाठी आले. सवडीनं सांगते म्हनलं, आन् हे पडले."

वादात आपणच बरोबर होतो, हे पंचशीलाच्या ध्यानात आलं.

"परवा सांगितलं मी," शिवकांताबाई म्हणाल्या. "म्हनलं, तुमच्यासाठीच आलते."

"मग?"

"हो म्हनले." त्यांनी सूप खाली ठेवलं. "खरं वाटलं का न्हाई, कसं कळावं? आले तवा नव्हते आले त्यांच्यासाठी. जीव मागून जडला. हे दोनी सांगायला पायजे होतं, त्यांना बोलता येत होतं तवा."

मार्गशीर्षात शंकरप्पा गेले. माती देऊन परतताना आप्पाराव पंचशीलाजवळ आले. "बाई, मंडळ बंद नका करू. पुढचं पुस्तक तुमीच ठरवा. मी वाचीन. तुमी म्हणाल ते मला पटंल."

पंचशीलानं मान हलवली, पण पुस्तक काही सुचवलं नाही. पुढच्या रविवारी ती माडी चढली नाही. मागच्या दारानं अंगणात गेली, शिवकांताबाईंच्या शेजारी बसली आणि सुपातले खडे वेचू लागली. बऱ्याच वेळानं शिवकांताबाई म्हणाल्या, "बाई, ते पुस्तक हाय का अजून? मला वाचून दाखवा. त्यांनी सांगितली तशीच हाय का ती बाई, बघते."