आठशे पन्नास वॅटचे वजन

निकिताच्या संगणकाचे दुखणे असे होते की तो रिकामा असताना ठणठणीत असे आणि काम दिले की मान टाकी. हे लक्षण वालूर गावात इतरही अनेकांत आढळत असल्यामुळे घरात त्याची कुणी फारशी फिकीर केली नाही.

फिकीर होती ती एकट्या निकिताला. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून ती सेलूच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे काम प्राध्यापकाचे आणि मानधन संस्थेच्या सवडीचे. काळ्या जमिनीतली ओल उन्हाळ्यात कोणत्या गतीने उडते आणि भेगा किती खोल जातात, याचे एक गणिती प्रारूप तिने उरलेल्या वेळात उभे केले होते. त्या जोरावर पुण्यातील एका संशोधन संस्थेने तिला पीएच.डी.च्या मुलाखतीला बोलावले, आणि बोलावतानाच बजावले की गणनेचे निकाल पूर्ण असावेत. अर्धवट निकाल विचारात घेतले जाणार नाहीत.

गणना करायची ती संगणकाने. हा संगणक सेलूतल्या एका बंद पडलेल्या व्हिडिओवाल्याकडून आलेला. शेकडो लग्ने पाहून थकलेला. कंपनीने नेमून दिलेल्या वेगाने तो चालला असता तर निकाल मुलाखत आटोपल्यावर हाती आले असते. म्हणून निकिताने त्याचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवला. हिशेब बरोबर होता. मात्र जास्त पळणाऱ्याला जास्त वीज लागते, आणि ती भिंतीतून घेऊन संगणकाला पचेल अशी करून देणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, म्हातारा झाला होता. गणना ऐन रंगात आली की तो गप्पकन बंद पडे आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागे.

नवा पॉवर सप्लाय घेणे भाग होते. निकिताने इंटरनेटवर बसून तज्ज्ञांची मते वाचली. त्यांचे एका गोष्टीवर एकमत होते: जो डबा परवडतो तो घेऊ नये आणि जो घ्यावा तो सेलूत मिळत नाही. बाहेरून मागवावा तर तो मुलाखत होऊन गेल्यावर पोचण्याचे आश्वासन होते.

"मी येतो संगं," वडील म्हणाले.

बन्सीधर मेंढ्या-शेळ्या राखत. सेलूच्या बाजारात त्यांचा शब्द चालत असे, कारण बोकड पारखायला त्यांना काटा लागत नसे. पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवायचा, पोटाखाली दोन्ही हात घालून जनावर उचलायचे, क्षणभर आभाळाकडे बघायचे आणि आकडा सांगायचा. तो चुकल्याचे कुणी ऐकले नव्हते. चुकला असता तरी सांगण्याची छाती कुणाची नव्हती.

"अण्णा, ती मशीनची वस्तू हाय. तुमी तिथं काय करणार?"

"घेयाची वस्तू हाय ना? मंग झालं."

सेलूच्या धान्याच्या मोंढ्याजवळच्या दुकानात हरिओम नावाचा दुकानदार बसला होता. मागे काचेच्या कपाटात त्याचा स्वतःचा संगणक रंगीबेरंगी दिवे लावून नवरदेवासारखा उभा होता.

"या म्याडम. गेमिंगसाठी पाहिजे का?"

"गणनेसाठी."

"तेच ते," हरिओमने निर्वाळा दिला आणि दोन डबे पुढे ठेवले. एकावर ज्वाळा काढल्या होत्या. दुसऱ्यावर सोनेरी अक्षरांत '८५०' लिहिले होते आणि त्याखाली, जिथे बारीक अक्षरांतला खरा तक्ता असतो, तिथे दुकानाने स्वतःची चिठ्ठी घट्ट चिकटवली होती: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

निकिताला चिठ्ठीखालचे वाचायचे होते. तेवढ्यात बन्सीधरांनी दोन्ही डबे दोन हातांत घेतले आणि छताकडे बघितले. दुकानात आलेले दोघेतिघे आपोआप जवळ सरकले.

"ह्यो ज्वाळावाला खाली हाय," ते म्हणाले. "नुसतं कातडं. ह्यो सोनेरी भरलेला हाय."

इथे निकिताने हसायला हवे होते. ती हसली नाही. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाची एक अडचण असते: त्याला अंधश्रद्धा चालत नाही, परंतु तिला कारण जोडता आले तर ती चालते. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये तांब्याची भरपूर वेटोळी असतात, उष्णता वाहून नेणारी अॅल्युमिनियमची जाड पाती असतात, आणि ही सगळी सामग्री जड असते. म्हणजे अण्णांचे बरोबरच होते. तिने हे मोठ्याने सांगितले. उदाहरणे देऊन सांगितले. जमलेल्यांनी माना डोलावल्या, आणि हरिओमने तर व्याख्यान पाठ केले असावे, कारण निकिता सोनेरी डबा घेऊन दाराबाहेर पडते न पडते तोच तो पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "उचलून बघा दादा. आत तांबं असतं."

घरी आल्यावर डबा जोडण्याआधी निकिताने तो सहज हलवला. आतून दगड सरकावा तसा आवाज आला. तांबे सरकत नाही. डब्याला अजून एकदाही वीज लागली नव्हती, तेव्हा तो उघडण्यात धोका नव्हता. धोका होता तो फक्त झाकणावरच्या वॉरंटीच्या सीलला. तिने सील फोडले.

आत बोटभर वेटोळे होते, पत्र्याचे दोन केविलवाणे तुकडे होते आणि तळाशी, गोंदातून सुटलेली, लोखंडाची एक भक्कम पट्टी होती. पट्टी कशालाही जोडलेली नव्हती. तिचे कार्य एकच होते, उचलणाऱ्याचे समाधान करणे, आणि ते तिने चोख बजावले होते. मग निकिताने दुकानाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. खालच्या तक्त्यात बारा व्होल्टच्या तारेवर वीस अँपिअर लिहिले होते. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस वॅट. उरलेले सहाशे दहा वॅट सोनेरी शाईत होते.

बन्सीधरांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"मीठ चारून पाणी पाजलंय," ते म्हणाले.

"काय?"

"बाजाराच्या आदल्या दिशी बोकडाला मीठ चारत्यात. त्ये बादलीभर पाणी पितंय अन् भरलेलं दिसतंय. म्हणून आमी सकाळी सौदा करतच न्हाई. दावणीला बांधून ठिवतो. मुतलं की खरं वजन कळतंय."

"मग ह्याला कामून न्हाई बांधून ठेवला?"

"डबा मुततो का? आन् तूच तर म्हणलीस, आत तांबं हाय. शिकलेली लेक म्हणायली, म्हणून मी गप बसलो."

"मी तुमच्या हातावर गेले, अण्णा!"

"झालं मंग," बन्सीधर म्हणाले. "तू माझ्यावर गेलीस, मी तुझ्यावर, आन् त्यो हरिओम आपल्या दोघायवर."

ही कार्यकारणसाखळी निर्दोष होती. मुलाखत जवळ येत होती आणि गणना अद्याप शून्यावर होती. दुसऱ्या दिवशी दोघे डबा आणि पट्टी घेऊन परत दुकानात गेले.

हरिओमने पट्टी पाहिली आणि तो जराही डगमगला नाही. "ही ब्यालन्सची पट्टी हाय म्याडम. डबा हलू नये म्हणून."

"हलली तीच."

"सील तोडलं तुमी. आता कंपनी काय करणार?"

"कंपनीचा पत्ता कुठं हाय ह्याच्यावर?"

"तेच तर. पत्ता असता तर आपण भांडलो असतो ना तिच्यासंगं!"

शेजारी एक बाई ज्वाळांचा डबा उचलून छताकडे बघत होती.  बन्सीधर काचेच्या कपाटासमोर जाऊन उभे राहिले.

"शेठ, तुमच्या ह्या मशिनीत कोणता डबा हाय?"

"हाच, मामा. हाच सोनेरी."

"दाखवा की."

"आता ते उघडायचं म्हणजे..."

"माझ्याकडून बोकड घेताना लोक एकच इचारत्यात. मामा, तुमच्या घरच्या कंदुरीला कापाया कोणतं ठिवलंय? मी ते दावतो. दावलं न्हाई तर गिऱ्हाईक उठून जातंय." त्यांनी आवाज चढवला नाही, पण ज्वाळांचा डबा धरलेली बाई आता छताऐवजी हरिओमकडे पाहत होती. "बाजारच्या दिवशी मला लोक इचारतील, सेलूत हे डबे कुठं घ्यावे म्हणून. मी काय सांगू?"

शेळ्यांच्या बाजारात पॉवर सप्लायची चौकशी होण्याची शक्यता नगण्य होती. पण हरिओमने शक्यतेचे गणित केले नाही, त्याने बाजाराची गर्दी डोळ्यांसमोर आणली. त्याने कपाट उघडले. संगणकाच्या तळाशी, झगमगाटापासून लपवलेल्या कप्प्यात, एक काळा, बुटका, दिवे नसलेला डबा होता. निकिताने वाकून तक्ता वाचला. एकूण पाचशे पन्नास वॅट; बारा व्होल्टच्या तारेवर पंचेचाळीस अँपिअर, म्हणजे पाचशे चाळीस. हिशेब जुळत होता. कंपनीचा पत्ताही होता.

"हा तुमच्यासाठी न्हाई ठेवला म्याडम," हरिओम पडेल आवाजात म्हणाला. "ह्याला लाइट न्हाई. कुणी घेत न्हाई."

"मला हाच पाहिजे. वापरलेला चालेल. पण आत्ता, इथंच, हे मशीन पूर्ण जोरात चालवा. मी बसते."

"किती वेळ?"

"मुतेपर्यंत," बन्सीधर म्हणाले.

हरिओमने तपशील विचारला नाही. भर दुपारी, पत्र्याच्या छपराखाली, त्याचा संगणक निकिताने दिलेल्या जड कामाखाली घामाघूम चालू राहिला. ती व्होल्टचा आकडा पाहत बसली. तो बारापासून किंचित घसरला आणि तिथेच थांबला. दुपार कलली तेव्हा डबा गरम होता, पण गप्प पडला नव्हता. हरिओमने तो सोनेरी डब्याच्या बदल्यात काढून दिला. कपाटातला नवरदेव अंधारला. त्याच्या पोटात सोनेरी डबा बसवून पाहण्याची सूचना निकिताने केली, तेव्हा हरिओम म्हणाला, "बसवू सवडीनं."

वालूरमध्ये गणना सुरू झाली आणि या वेळी तुटली नाही. ती संपली तेव्हा निकिताने आनंद व्यक्त करण्याऐवजी तिचा एक लहानसा भाग कंपनीच्या मूळ, संथ वेगाने पुन्हा करून पाहिला, कारण जास्त पळवलेला प्रोसेसर न थांबताही चुकीची उत्तरे देऊ शकतो. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले. तेव्हा कुठे तिने निकाल छापून घेतले, आणि सेलूच्या स्थानकावर पुण्याची गाडी येण्याआधी बन्सीधरांनी ती जाडजूड फाइल तिच्याकडून मागून घेऊन हातावर तोलली.

"घेतील का गं तुला?"

"माहीत न्हाई, अण्णा."

"एवढं मोजून बी?"

"मातीचं मोजलंय. त्या लोकायचं न्हाई."

गाडी आली. निकिताने फाइल परत घेऊन काखेत घट्ट धरली आणि डब्यात चढून खिडकीजवळची जागा गाठली. खिडकीतून तिने विचारले, "तुमचा अंदाज काय?"

बन्सीधरांनी क्षणभर आभाळाकडे बघितले.

"बसल्या जनावराचं सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "चालताना बघावं लागतं. तू जा तर आधी."