आईचं मनगट

कोच हकबींनी हात मिळवला आणि लगेच सोडला नाही. अर्लीनच्या मनगटावर त्यांचा अंगठा क्षणभर रेंगाळला. तीन वर्षांपूर्वी थोरल्या टॅव्हॅरिसला कॉलेजच्या संघात न्यायला आले तेव्हाही तो असाच रेंगाळला होता, आणि तिला ते अगत्य वाटलं होतं. पुढे टॅव्हॅरिसनेच सांगितलं, "आई, ते हाडं बघतात. पोराच्या अंगावर किती वजन चढेल, ते आईवरून ठरवतात."

आज टॅव्हॅरिस कोचच्याच गाडीतून आला होता, नमुना म्हणून. कॉलेजात गेला तेव्हा सडसडीत होता, अमेरिकन फुटबॉलमध्ये पळता पळता चेंडू झेलायचा. पण संघाला झेलणारे पुष्कळ मिळत होते; पुढच्या रांगेत अंगावर धडका घेणारे मिळत नव्हते. म्हणून त्याला खाऊ घालघालून एकशे चाळीस किलोंचा केला. चेंडूशी संबंध संपला. संघ अजिंक्य ठरला. टॅव्हॅरिसचे गुडघे गेले, आणि आडवं पडलं की त्याचा श्वास कोंडायला लागला.

"आमच्याकडे पोरं घडतात, मिस अर्लीन," तळलेला मासा मोडत कोच म्हणाले. "हा बघा पुरावा."

"बघतेय. दारातून तिरका होऊन आत आला."

कोच हसले. धाकटा केंड्रेल हसला नाही. उद्या शाळेत कोचच्या कॉलेजशी त्याची करारावर सही होती. अडवलंस तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही, असं त्याने तिला सकाळीच सुनावलं होतं.

"याला कुठे खेळवणार?" अर्लीनने विचारलं.

"झेलायला. माझा शब्द."

"हाच शब्द मागे याच टेबलावर दिला होतात."

"आई, पुरे झालं!" केंड्रेल ओरडला.

"बोलू दे रे," कोच गोड आवाजात म्हणाले. "टॅव्हॅरिस, तूच सांग भावाला. हो, आणि तुझी शिष्यवृत्ती पुढे चालवायची की नाही, ते अजून ठरायचंय बरं का."

टॅव्हॅरिस बशीकडे बघत म्हणाला, "चांगलं आहे तिथे."

कोचनी समाधानाने मान डोलावली आणि सवयीने मक्याच्या पावाचे दोन जाड तुकडे लोणी थापून केंड्रेलच्या बशीत टाकले. "खा, खा. लाजतोस काय?"

"पळणाऱ्या पोराला एवढं कशाला चारताय, कोच?"

कोच काही बोलायच्या आत टॅव्हॅरिसने ती बशी स्वतःकडे ओढली. "त्याचं पोट भरलंय."

कोचचं हसू मावळलं. "ऊठ. तुझ्याशी गाडीत बोलतो."

टॅव्हॅरिस टेबलावर दोन्ही हात रोवून उठायला गेला. टेबल कललं, बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास घसरला. केंड्रेलने न बघताच हात खाली घातला आणि जमिनीला टेकायच्या आत ग्लास अलगद झेलला. आतला बर्फ तेवढा किणकिणला.

असा झेल! केंड्रेलने अभिमानाने कोचकडे पाहिलं. कोचची नजर ग्लासवर नव्हती. बाहीतून बाहेर आलेल्या त्याच्या रुंद मनगटावर ती खिळली होती. भाव ठरवत असल्यासारखी.

केंड्रेलने ग्लास ठेवला. बाही खाली ओढली.

"उद्या सहीचा फोटो काढायला येतो," कोच म्हणाले.

"कुणाच्या सहीचा?" केंड्रेलने थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खुर्चीत बसवलं. "टॅव्ह, तू बस. गाडीत त्यांना एकट्याला जाऊ दे."