मायेपोटी एक सही

सकाळी दुकान उघडलं की ताई आधी फ्रेमा पुसायची, मग काचा घासायच्या चाकात पाणी घालायची आणि शेवटी बाबांची खुर्ची उजेडाला सरकवायची. खाली चष्म्याचं दुकान, वर तीन खोल्यांचं घर, सगळं बाबांच्या नावावर. ताईचा संसार वर्षभरातच मोडला होता. सासरहून परतली ती थेट काउंटरमागे उभी राहिली. तिच्या पाठचे दोन भाऊ याच दुकानावर शिकले, त्यांची लग्नंही यावरच झाली. थोरला परगावी बँकेत होता, धाकटा याच शहरात मोटारींच्या शोरूममध्ये. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान चालत होतं ते ताईच्या हातांवर.

त्या दिवशी वकीलबाई चष्म्याची निखळलेली काडी बसवून घ्यायला आल्या. जुन्या गिऱ्हाईक, त्यामुळे सहज म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र करून ठेवलंय ना?"

बाबांचा चेहरा उतरला. "काय हो, सकाळी सकाळी! मी काय आज-उद्या चाललोय का?"

"जाणारा सांगून जातो का? मी तर पहिलं मूल झालं तेव्हाच केलं. घर घेतलं तेव्हा बदललं, मुलं मोठी झाली तेव्हा पुन्हा बदललं. त्यात मरणाचं काही नसतं हो, मागे राहणाऱ्यांचं असतं."

"आमच्या घरात भांडणं नाहीत. मुलं सोन्यासारखी आहेत माझी."

"आणि ताईचं काय?"

ताईच्या बोटांतून बारीकसा स्क्रू निसटला. तो शोधायला ती खाली वाकली आणि सापडल्यावरही जरा वेळ खालीच राहिली.

"तिचं काय? घर तिचंच आहे की," बाबा म्हणाले. एवढं बोलून त्यांनी विषय झटकून टाकला.

दुपारी जेवताना ताईनं ही गोष्ट आईच्या कानावर घातली. आईनं ताटातला हात थांबवला. "तूच शिकवलंस ना त्या बाईला? बापाच्या मरणावर डोळा ठेवून बसलीयेस?"

 ताईनं पुन्हा तो विषय काढला नाही. किती घरांत हेच चालतं! दुखण्यावर बोलतील, शेजाऱ्याच्या सुनेवर बोलतील, पण आपल्यामागे कुणाचं कसं होणार, याबद्दल शब्द काढायचा नाही. मुलानं काढला तर तो व्यवहारी, मुलीनं काढला तर ती हावरट.

बाबा गेले ते भर दुकानात. एका शाळकरी मुलीचा नंबर तपासत होते. भिंतीवरच्या अक्षरांवर काठी ठेवली होती, ती हळूच खाली घसरली. मुलीला वाटलं, पुढची ओळ वाचायची आहे. ती वाचतच राहिली.

दुःखाचे दिवस सरले आणि दोघे भाऊ बैठकीच्या खोलीत बसले. थोरल्यानं आवाजात साखर घोळली होती. "ताई, कोपऱ्यावरचा औषधवाला दुकान आणि घर दोन्ही घ्यायला तयार आहे. बाबांनी काही लिहून ठेवलं नाही, म्हणून आपल्या सगळ्यांचा हिस्सा लागतो. तू आणि आईनं हक्क सोडल्याची सही केली की झालं. नुसता उपचार आहे."

"आई कुठे राहील?"

"सहा महिने माझ्याकडे, सहा महिने त्याच्याकडे."

"आणि मी?"

भावांनी एकमेकांकडे बघितलं. धाकटा म्हणाला, "तुझ्या हातात कला आहे गं. कुठलाही चष्मेवाला तुला उचलून ठेवून घेईल. आणि तुझं माहेर म्हणून आम्ही आहोतच ना?"

"माहेर विकून झाल्यावर कुठलं माहेर?"

"बघितलंस आई?" थोरला म्हणाला. "हिस्सा मागतेय ही."

आई ताईजवळ आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. किती तरी दिवसांनी तिचा हात असा फिरला होता. "कर बाई सही. माझ्यासाठी कर. भावांचं मन मोडू नकोस." त्या हाताखाली ताई विरघळली. बरं म्हणाली.

खरोखरच ती सही करायच्या तयारीनं नोंदणी कचेरीत गेली होती. लाकडी बाकावर चौघं ओळीनं बसली. आईचं नाव आधी पुकारलं गेलं. कारकुनानं मान वर न करता रोजचाच प्रश्न विचारला, "आजी, स्वखुशीनं सही करताय ना?"

आईनं थोरल्याकडे बघितलं. "काय सांगू रे?"

"हो म्हण."

"हो," आई म्हणाली आणि पेन शोधू लागली.

 जिचं घर जाणार होतं, तिला आपली खुशी काय आहे हेसुद्धा मुलाला विचारावं लागत होतं. ताई उठून टेबलाशी गेली. "थांबा. माझी सही होणार नाही. मी स्वखुशीनं आलेली नाही. आणि आईनं सही करायच्या आधी तिला हे वाचून दाखवा."

"मला वाचून नको!" आई कडाडली. "माझा माझ्या मुलांवर विश्वास आहे." मग भरल्या कचेरीत, एकेक शब्द चावून, ती म्हणाली, "तू माझ्या पोटी आलीच नसतीस तर बरं झालं असतं."

बाकांवरची माणसं माना वळवून बघत होती. ताई टेबलापासून हलली नाही. तिच्या सहीशिवाय औषधवाल्यानं सौदा सोडला.

"घर तिनं धरलंय ना, मग आईलाही तिनंच धरावं," असं म्हणून दोघे भाऊ निघून गेले. सहा-सहा महिन्यांचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

आई आपल्याच खोलीत, आपल्याच खिडकीशी राहिली. दोन्ही वेळा ताईच्या हातचं जेवली, ताईनं धुतलेलं नेसली. ताईशी मात्र बोलली नाही. भेटायला येणाऱ्या बायकांना सांगायची, "माझ्या मुलांच्या तोंडचा घास हिनं काढला." थोरल्याचा फोन आला की चेहरा उजळायचा. फोन क्वचितच यायचा. ताई चहा ठेवायची, आई भिंतीकडे तोंड करायची. अशी काही वर्षं गेली.

एके दिवशी थोरल्याची मुलगी आली. नुकतंच लग्न झालेलं. बापाला चोरून आली होती. आजीच्या पलंगावर बसून ती म्हणाली, "आत्या, आम्ही घर घेतोय. पैसे दोघांचे आहेत. पण सासरचे म्हणतात, नाव त्याचंच असू दे, उगाच कशाला. मी मागितलं तर वाईट दिसेल का गं?"

ताई बोलायला तोंड उघडणार, तोच खिडकीकडून आवाज आला.

"दोघांच्या नावावर घे. आणि मागे कुणाला काय, ते आत्ताच लिहून ठेवा. वाईट दिसलं तरी चालेल."

 ताई आईकडे बघत राहिली. आईनं पलंगाशी येऊन नातीचा हात धरला. लेकीकडे तिनं बघितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान कामाला ठेवलेल्या पोरीच्या हवाली करून ताई आपलं मृत्युपत्र करायला वकीलबाईंकडे गेली. धडधाकट होती, साठीही गाठली नव्हती. साक्षीदार म्हणून विचारलं तर शेजारीण म्हणाली होती, "असलं अभद्र काम मला नको सांगूस." ताईनं दुसरीला विचारलं, ती आली.

वकीलबाईंनी कागद पुढे ओढला. "तुझ्या हिश्शाचं पुढचं बघू, पण आधी सांग, आईचं काय लिहू? ती तर तुझ्याशी बोलतही नाही."

"लिहा," ताई म्हणाली. "मी आधी गेले, तरी तिच्या खोलीतून तिला कुणी उठवायचं नाही. ती बोलली तरी, आणि नाही बोलली तरी."