वाघरीची चौकट

माण तालुक्यातल्या धोंडुबाईंची पाच महिन्यांची मुलगी नऊ वर्षांपूर्वी मेंढरांच्या वाटेवर तापाने गेली. धोंडुबाई तेव्हा स्वतः साताऱ्याच्या दवाखान्यात होत्या. पती जोतिबा यांनी मुलीला मुक्कामाच्या तळाशेजारी पुरले आणि कळप पुढे नेला. ती जागा धोंडुबाईंनी कधी पाहिली नाही; दाखवू शकणारे जोतिबा गेल्या वर्षी वारले.

मी साताऱ्यात लोकर-संशोधनाच्या एका प्रकल्पाचा डेटाबेस सांभाळते. खतासाठी शेतात मेंढरे बसवतात तेव्हा त्यांच्याभोवती जाळीची वाघर लावतात. प्रत्येक वाघरीची चौकट, म्हणजे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांचे निर्देशांक, आम्ही मीटरमध्ये नोंदवतो. जोतिबांचा कळपही या प्रकल्पात होता, म्हणून धोंडुबाईंनी ती जागा मला शोधायला सांगितली. त्या दिवसांच्या जुन्या नोंदीत चौकट आणि तारीख होती, गाव नव्हते. गावे आणि तिथल्या चौकटी यांची यादी वेगळी होती. मी दोन्हींतल्या चौकटी बरोबरच्या (=) चिन्हाने जुळवल्या. जुळणारी चौकट एकच असणार, या समजुतीने पहिलेच उत्तर मागितले. आले ते आटपाडीजवळचे एक रान.

धोंडुबाई तिथे जाऊन आल्या. दगड मांडला, हळदकुंकू वाहिले, जपून ठेवलेले झबले त्यावर पांघरले. येताना माझ्यासाठी बोरे आणली.

महिन्याभराने दुसऱ्याच कामात एका चौकटीला तीन गावे मिळाली, तेव्हा मी माहितीपुस्तिका उघडली. आमच्या डेटाबेसात दोन चौकटींमधले बरोबरचे चिन्ह जागा पाहत नाही, केवळ क्षेत्रफळ पाहते. तीस गुणिले वीस आणि चोवीस गुणिले पंचवीस त्याच्या लेखी एकच. जागाही तीच हवी असेल तर चिन्ह निराळे आहे. ते वापरल्यावर आटपाडी गळाली आणि वाईजवळचे, कृष्णाकाठचे एक शेत उरले.

मी त्यांच्या घरी जाऊन चूक माझी असल्याचे सांगितले. क्षेत्रफळाचे स्पष्टीकरण त्यांनी अर्ध्यावर थांबवले.

"मला वाटलंच हुतं, बाई. ह्यांनी उंबर सांगितला हुता. तिथं उंबर न्हवता. म्हणलं, तोडला असंल."

"मग झबलं का ठेवलंत?"

"लय दिस सांभाळलं हुतं." मग त्यांनी विचारले, "वाईला हाय का उंबर?"

आमच्या नोंदींत झाडांचा रकाना नाही. मला माहीत नाही, असे मी सांगितले. उद्या पहिल्या गाडीने दोघी जाऊन पाहू, असेही म्हटले.

त्या उठल्या आणि ट्रंक उघडून बसल्या. झबले एकच होते. बराच वेळ उलथापालथ केल्यावर तळाशी एक टोपडे निघाले.