रेल्वेच्या गोळ्या

मंदाबाईंनी वाकून सुनेच्या खाटेला टांगलेली पिशवी बोटाने वर उचलली. तळाशी चहाच्या रंगाची, जेमतेम दोन चमचे लघवी हलली.

"बा, अडशो नहीं," हात लावू नका म्हणून गुजराती सिस्टर ओरडली.

"हात धुतलेत मी. तुझ्याआधी धुतलेत," मंदाबाई म्हणाल्या, पण पिशवी सोडली.

कालपासून एवढीच. योगिनीच्या डोक्यातली गाठ काढायला अकरा तास लागले होते. गाठ निघाली, साधी निघाली, तिने डोळे उघडून सगळ्यांना ओळखलं, आणि मंदाबाईंनी सुभानपुऱ्यात शेजारणीला फोन करून पेढे वाटायला सांगून टाकले. तिसऱ्या दिवशी लघवी आटली. पापण्या सुजल्या, पावलं सुजली. कापलं डोकं आणि रुसली मूत्रपिंडं, हा कुठला न्याय, ते काही त्यांना उमगेना.

बाहेर बाकावर त्यांचा मुलगा हेरंब रिफायनरीचा गणवेश न बदलताच बसला होता. त्याच्या शेजारी योगिनीची आई, लीलाबाई. नागरवाड्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. या विहिणीशी मंदाबाईंचं कधी जमलं नाही. लीलाबाई एकेक शब्द धुऊन वाळवून बोलत, आणि तिसरीतून शाळा सुटलेल्या मंदाबाईंना ते टोचे.

मूत्रपिंडाच्या डॉक्टर पारेख आल्या. वयाने योगिनीएवढ्याच असतील. उभ्याउभ्याच त्यांनी कागद चाळले.

"रक्तातली घाण वाढतेय. संध्याकाळी डायलिसिस करावं लागेल. पण इतक्या लवकर का, ते मला समजत नाही. हिची किडनी आधीपासून नाजूक होती का? दुखण्याच्या गोळ्या वगैरे? इथे तर तिने स्वतःच 'नाही' सांगितलंय."

"माझी मुलगी तापाचीसुद्धा गोळी घेत नाही," लीलाबाई म्हणाल्या. "चूक झालीय ती इथेच. मी लेखी तक्रार करणार आहे."

मंदाबाईंनी पदर कमरेला खोचला. काढला. पुन्हा खोचला.

त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. ते गेल्यावरही गुडघ्यांसाठी गोळ्या रेल्वेच्या दवाखान्यातून दरमहा मिळत. मंदाबाई त्या मोजून-मापून घेत आणि उरलेल्या डब्यात भरून ठेवत. बाजारातल्यासारख्या खडूच्या नव्हेत, असं त्या गल्लीभर सांगत. गेल्या दिवाळीत माळा झाडताना योगिनी डोकं धरून खाली बसली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "झाडू दिसला की बरं दुखतं हिचं!" मग एकदा ती भडभडून ओकली. त्या दिवशी डबा उघडला. इथे दाखल झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, बाहेरचं काही द्यायचं नाही. डॉक्टरांना काय कळतं माझ्या घरच्या माणसाचं दुखणं, म्हणून मंदाबाईंनी पदराच्या गाठीत बांधून गोळ्या आणल्या होत्या.

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलं असतं तर विहिणीची तक्रार नोंदली गेली असती, भांडण इस्पितळाशी झालं असतं. मंदाबाईंचं नाव कुठे आलं नसतं.

"मी दिल्या," त्या म्हणाल्या.

"आई!" हेरंब उठलाच.

"ओरडू नकोस. मी डॉक्टरीणबाईंशी बोलतेय." त्यांनी पदराची गाठ सोडली आणि उरलेली पट्टी डॉक्टरांच्या हातावर ठेवली. "सकाळी एक, संध्याकाळी एक. महिनाभर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तीन. फार कण्हत होती."

लीलाबाईंचा चष्मा नाकावर घसरला, तो त्यांनी सावरला नाही.

"तुम्हाला घाबरून ती 'नाही' म्हणाली."

"असेल," मंदाबाई म्हणाल्या. एवढं आखूड उत्तर त्यांनी विहिणीला कधी दिलं नव्हतं.

डॉक्टर पट्टीवरचं नाव वाचत होत्या. "बरं केलंत, बा. या गोळ्या, त्यावर एवढं लांब ऑपरेशन, मेंदूची सूज उतरवायचं औषध. किडनीला चारी बाजूंनी मार बसलाय. पण म्हणजे ती जुनी आजारी नाही. असा मार खाल्लेली किडनी पुष्कळदा उठते." त्यांनी पुन्हा एकदा रक्ताचे आकडे पाहिले. "डायलिसिससाठी उद्या सकाळपर्यंत थांबू या."

"मला काय बोलायचं ते बोलून घ्या."

"डब्याला कुलूप लावा," डॉक्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आल्या, पिशवी पाहून गेल्या, अजून थोडं थांबू म्हणाल्या. दुपारी सिस्टर स्वतःच दारात आली.

"बा, आवो. दीडशे एमएल. अने चोख्खो रंग."

योगिनीचा चेहरा अजून सुजलेला होता, पण नजर जागी होती.

"आई, सांगितलंत म्हणे."

"सांगितलं. तू का नाही सांगितलंस? तोंड शिवलं होतं? इतकी घाबरतेस मला?"

योगिनीने विचार केला. "अर्धी."

"आणि उरलेली अर्धी?"

तिचे ओठ सुकले होते. मंदाबाईंनी वाटीतला ओला कापूस त्यांवरून फिरवला.

"तुम्ही गोळी घेऊन आलात की खाटेवर बसायचात," योगिनी थांबत थांबत म्हणाली. "दुखणं उतरेपर्यंत. कपाळावर हात ठेवून. लग्नाच्या आठ वर्षांत तेवढंच. गोळ्या बंद झाल्या असत्या तर..."

मंदाबाईंनी कापूस वाटीत ठेवला. काचेपलीकडे लीलाबाई आपल्या पाळीची वाट पाहत उभ्या होत्या.

"टाइम थई गयो, बा," सिस्टर म्हणाली.

"तिच्या आईला आत घे. आणि मला बसायला स्टूल दे."

"एक वखते एकच जण, बा. रूल छे."

सिस्टर नियम सांगत राहिली. मंदाबाईंनी तोवर हात योगिनीच्या डोक्यावरच्या पट्टीच्या खाली, भुवयांवर ठेवला होता.