उलट्या तोंडाचा मासा

मित्रांनो, मी दिव्यांची एक जुनी पाटी आहे. जुनी म्हटले म्हणून लगेच नाक मुरडू नका. माझ्या अंगावर चौसष्ट इवले लाल दिवे आहेत, आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ. त्यांतले काही पेटवले आणि काही विझवले की चित्र उमटते. माझा जन्म काशीत झाला, अमृतराव घाटावरच्या एका मराठी उपाध्यांच्या घरी. कारखान्यात नव्हे हो, स्वयंपाकघरात! एकीकडे विळीवर भोपळा चिरला जात होता आणि दुसरीकडे माझ्या पाठीवर कथलाचे डाग दिले जात होते.

मला घडवले त्या घरच्या सुनेने, मालविकेने. ती लग्न होऊन नागपूरहून आली होती आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली होती. तिच्या सासूबाई म्हणजे प्रभावतीबाई. शाळा चौथीपर्यंत, पण जीभ अशी की घाटावरची माकडेसुद्धा त्यांना पाहून दुसऱ्या गच्चीवर जात.

त्या घरी महाराष्ट्रातून यात्रेकरू उतरत. घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की गल्लीला दोन फाटे फुटतात. उजव्या फाट्याला प्रभावतीबाईंचे घर. डाव्या फाट्याला त्यांच्या धाकट्या जावेचे, कालिंदीबाईंचे. दोन्ही घरांचे निशाण एकच, मासा. फक्त एकाच्या माशाचे तोंड उजवीकडे आणि दुसऱ्याच्या माशाचे डावीकडे. ज्याला वाचता येत नाही त्यानेही माशाचे तोंड पाहावे आणि आपल्या उपाध्यांच्या दारी जावे, अशी ती जुनी सोय. दोन्ही मासे फाट्यावर पत्र्यावर रंगवलेले होते, पण ऊन-पावसाने त्यांचे पार भूत झाले होते.

या दोन जावा बारा वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण विचाराल तर वरण. एका पंगतीत कालिंदीबाई म्हणाल्या होत्या की जाऊबाईंचे वरण पातळ असते. बस्स! त्या दिवसापासून प्रभावतीबाईंचे पाऊल डाव्या फाट्याला पडले नव्हते.

आता माझा जन्म का झाला ते ऐका. सन पंचाण्णवचा माघ महिना होता. मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवण्याची नोकरी मालविकेला चालून आली होती. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

"घरात चाळीस-चाळीस पानांची उठबस, आणि सून निघाली बाहेर शाळेचा फळा पुसायला!" प्रभावतीबाई म्हणाल्या.

"आई, मी काय शिकले ते एकदा बघा तरी."

"बघते. शुक्रवारी वाशीमकडची चाळीस माणसं यायची आहेत. या धुक्यात हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. त्यांना फाट्यावर वाट दाखवेल असं काही करून दाखव. जमलं तर खुशाल जा. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

झाले! मालविकेने दालमंडीच्या बाजारातून दिवे आणले, छिद्रांची तपकिरी पट्टी आणली, तारा आणल्या. आणि आणला एक काळा, चाळीस पायांचा किडा. घाबरू नका, तो चावत नाही. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. कोणता दिवा कधी पेटवायचा हे त्याला एकदा शिकवून ठेवले की तो बिचारा न कुरकुरता तेच करत राहतो. मालविकेचा नवरा विश्वेश पहिल्या दिवशी म्हणाला, "हा कामकरी मला आवडला." प्रभावतीबाई म्हणाल्या, "तू त्याच्याकडून शीक."

माझे एक गुपित सांगते. माझे सगळे दिवे एकाच वेळी कधीच पेटत नाहीत. समजा, आठ पंगती बसल्या आहेत आणि वाढपी एकच आहे. तो पहिल्या पंगतीला वाढतो, दुसऱ्या पंगतीकडे धावतो, मग तिसऱ्या. पण धावतो असा की आठवी पंगत वाढून तो पहिलीकडे परत येतो तोवर तिथला घासही संपलेला नसतो. माझा किडा तसा धावतो. तुमच्या डोळ्यांना वाटते सगळा मासा पेटला आहे. खरे तर त्या क्षणी एखादी शेपटीच पेटलेली असते.

मालविकेने पहिल्यांदा माझ्यावर कलश उमटवला. सुरेख उमटला. मग तिने चौकटीच्या कागदावर घरातल्या जुन्या झेंड्यावरून मासा उतरवला, चौकटी मोजून किड्याला शिकवला आणि शुक्रवारी दुपारी विश्वेशने मला फाट्यावरच्या खांबाला टांगले. खाली स्कूटरची जुनी बॅटरी ठेवली, कारण काशीत बिजली सांगून जात नाही. तार जोडली आणि वर न पाहताच तो पाने मांडायला घरी पळाला. धुक्यात माझा लाल मासा लखलखला. मी फुलून गेले होते. स्वतःचे तोंड स्वतःला दिसत नाही, मित्रांनो, हेच आम्हा पाट्यांचे दुर्दैव.

थोड्या वेळाने पायऱ्यांवरून माणसांचा आवाज आला. पुढे वाशीमकडचे गोपीनाथराव होते, डोक्याला मफलर, हातात काठी. माझ्यापुढे थांबले.

"हे पाहा बापा, मासा डावीकडं पाहून राह्यला. चला, इकडं चला."

"मागच्या टायमाले उजवीकडं नव्हतो का गेलो आपण?" मागून एक म्हातारी म्हणाली.

"तवा पत्रा होता, आता लाइट आहे. लाइट खोटं बोलते का?"

आणि सोबतची सगळी माणसे डावीकडे वळली! अंगावर मासा लखलखत असताना माझ्या आत काळोख झाला. ओरडावे तर तोंड नाही. प्रत्येक ओळीत जे जे दिवे डावीकडचे ते ते उजवीकडे लागले होते, आणि मी कालिंदीबाईंचा मासा होऊन बसले होते.

इकडे प्रभावतीबाई पाने मांडून बसल्या. अर्धा तास झाला, तास झाला. शेवटी घाटावरचा नाववाला येऊन सांगून गेला, "अम्मा, आपके जात्री तो छोटकी मालकिन के यहाँ बैठे हैं।"

त्या तरातरा फाट्यावर आल्या. मागोमाग मालविका. प्रभावतीबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. अशा नजरेने पाहिले की माझा एखादा दिवा तिथेच फुटायचा.

"हे काय गं?"

मालविकेने पाहिले आणि तिचा चेहरा पडला. "मासा आहे, आई."

"मासा मलाही दिसतो! तोंड कुणाकडे आहे त्याचं?"

"तोंडाला अर्थ असतो हे मला कुणी सांगितलंच नाही."

"विचारलं का नाहीस?"

मालविकेच्या डोळ्यांत पाणी होते, पण ती हटली नाही. "विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आठ महिने झाले या घरात येऊन, एवढंही कळत नाही?"

प्रभावतीबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "म्हणाले असते. खोटं कशाला बोलू."

तेवढ्यात डाव्या फाट्याने कालिंदीबाई आल्या, कपाळावर घाम, हाताला पीठ. दोघी जावा बरोबर माझ्याखाली समोरासमोर उभ्या राहिल्या. मालविकेने श्वास रोखला. मीही रोखला असता.

"जाऊबाई, भांडण नंतर करू," कालिंदीबाई म्हणाल्या. "मी त्यांना बोलावलं नाही. पण एक म्हातारी थंडीने काकडून दारातच बसली, तिला उठ कशी म्हणू? घरात चौतीस-पस्तीस माणसं, मागची अजून घाटावर, आणि चालू स्टोव्ह एकच. तुमचा स्वयंपाक झालाय ना?"

"झालाय," प्रभावतीबाई म्हणाल्या. "पण वरण पातळ आहे. चालेल का तुला?"

कालिंदीबाईंनी हाताचे पीठ झटकले. मग पदराने घाम पुसत म्हणाल्या, "चाळीस जणांना पातळच पुरतं. मला तेव्हा एवढी माणसं जेवू घालायची सवय नव्हती."

मालविका मला खाली काढायला खांबाशी गेली. प्रभावतीबाई कडाडल्या, "हात लावू नकोस! मागची पाच-सहा माणसं अजून यायची आहेत. आता तोंड फिरवलंस तर ती बिचारी आपल्या दारी येऊन एकटी पडतील. आज सगळी तिकडेच जेवतील."

आणि मित्रांनो, मी माझ्या दिव्यांनी पाहिले. प्रभावतीबाई घरी गेल्या आणि वरणाचे पातेले फडक्यात धरून परत आल्या. विश्वेशने भाताची परात घेतली, मालविकेने शिऱ्याची. बारा वर्षांनी त्या बाईचे पाऊल डाव्या फाट्याला पडले. माझ्याखालून जाताना त्या पुटपुटल्या, "मेली पाटी!" पण पुटपुटल्या हळूच.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात पालथी पडले होते. मालविका समोर बसली होती. नोकरीचा विषय संपला, असेच ती समजून चालली होती.

"सापडली का चूक?" प्रभावतीबाईंनी विचारले.

"सापडली. मी पाटी समोरून बघून आखली आणि डाग दिले मागून. पालथी केल्यावर डावं उजवं होतं, ते डोक्यातच आलं नाही."

"आणि टांगण्याआधी तपासलं नव्हतंस?"

"तपासलं होतं. कलशावर. पण कलश दोन्हीकडून सारखाच दिसतो."

"म्हणजे पोळी एका बाजूनं बघितलीस आणि ताटात वाढलीस." प्रभावतीबाई थोडा वेळ कणीक मळत राहिल्या. "आता पुन्हा अशी चुकशील?"

"जन्मात नाही."

"मग जा सोमवारी. त्या पोरींना हे सांगायला कुणीतरी पाहिजे. आणि विश्वेशला सांग, दुपारचा चहा ज्याचा त्याने करायचा."

मालविका माझ्यावर वाकून रडली की हसली ते मला कळले नाही, मी पालथी होते. मग तिने माझे डाग तसेच ठेवले आणि किड्याकडून येणाऱ्या आठ तारा उलट्या क्रमाने जोडल्या. माझ्या पाठीवर त्यांची वेणीच पडली. मासा उजवीकडे पाहू लागला. पुढे तिने एक खटकाही बसवला. तो दाबला की मासा तोंड फिरवतो. कालिंदीबाईंची माणसे यायची असली की त्या स्वतः येऊन खटका दाबत आणि वर ओरडून सांगत, "जाऊबाई, आज मासा माझा!"

ती माझी भरभराटीची वर्षे. यात्रेकरू मला हात जोडत. एका परदेशी पाहुण्याने माझा फोटो काढला, तर त्यात अर्धाच मासा आला. वाढपी तेवढ्याच पंगतींपर्यंत पोचला होता!

पण सुखाला दृष्ट लागतेच. एका पावसाळ्यात माझ्या सांध्यांत पाणी शिरले. माकडांनी तार ओढली. चौथी ओळ गेली आणि माशाचे पोट रिकामे झाले. मला काढून गव्हाच्या कोठीमागे ठेवले. मालविका मला दुरुस्त करणार होती, पण तिला वेळ कुठला? ज्या नोकरीसाठी तिने मला घडवले तिच्यातच ती बुडून गेली होती. मी तिला दोष देत नाही. पण दोन वर्षे झुरळांच्या सोबतीने राहणे म्हणजे काय ते मला विचारा.

एके दिवशी कोठी हलवताना प्रभावतीबाईंना मी सापडले. त्यांनी पदराने माझी धूळ पुसली आणि पॉलिटेक्निकला निघालेल्या मालविकेच्या पिशवीत मला कोंबले. "जगाच्या पोरी शिकवतेस, आणि घरची पाटी अंधारात! हिच्यामुळे तू तिथे आहेस, विसरू नकोस."

तेव्हापासून मी तिच्या प्रयोगशाळेत असते. माझी चौथी ओळ पुन्हा पेटते. दर वर्षी नव्या मुली आल्या की पहिल्याच दिवशी मालविका मला टेबलावर ठेवते, पण पाठ मुलींकडे करून. मुली वाकून बघतात. परवा एक म्हणाली, "मॅडम, ये तो सब उल्टा जोड़ा है! किसने किया?"

"मैंने," मालविका म्हणाली. "अब बताओ, क्यों?"

मित्रांनो, तुमच्याही घरात कोठीमागे, माळ्यावर, पलंगाखाली कुणीतरी माझ्यासारखे पडले असेल. त्याचे तोंड काळे पडले म्हणून ते मेले असे समजू नका. धूळ पुसा, हलक्या हाताने पालथे करा आणि त्याची पाठ बघा. तिथे घडवणाऱ्याची बोटे दिसतील, त्याची घाई दिसेल, त्याची चूकही दिसेल. बहुतेक वेळा एक सुटलेली तार असते, दुसरे काही नाही. ती जोडा. जोडता येत नसेल तर ज्याला येते त्याला विचारा. आणि विचारायला लाजू नका. समोरचे माणूस कितीही तोंडाळ असले तरी विचारा.